तोंड केवढं हवं

चुलीचा तळ गेला तेव्हा वर हंडा होता,
हंड्यात अंघोळीचं पाणी,
आणि निखारे घरंगळत थेट माझ्या चपलेपाशी आले.
नऊ वर्षं टिकली बिचारी.
मढच्या वाऱ्यात लोखंडाची नऊ म्हणजे माणसाची नव्वद.

जयवंती म्हणाली, आता गॅसवरच तापवा ना.
सून आहे, तिचं काही चुकत नाही.
भाकरी, कालवण सगळं गॅसवरच होतं आमचं.
पण मागच्या पडवीत लाकूड रचून ठेवलंय,
त्याचं काय करायचं
हे मी तिला विचारलं नाही, आणि तिनेही मला.

गोरेगावच्या दुकानात एक होती चकचकीत,
खाली पंखा, पंख्याला बॅटरी, धूर म्हणे दिसतच नाही.
पोरगा कौतुकाने बटण दाबून दाखवत होता.
लाकूड केवढं जातं रे हिच्यात?
बोटभर तुकडे करायचे, मावशी.
म्हटलं, बोटभर तुकडे मी बोंबलाचे करते.

एरंगळच्या रेमेतीनकडे सिमेंटची आहे,
दोन वैलांची, वर नळकांडं.
झकास जळते, डोळ्यांना त्रास नाही.
पण ती जागची हलत नाही,
आणि उधाणाचं पाणी पडवीत शिरतं त्या रात्री
मला चूल उचलून माळ्यावर टाकावी लागते.

शेवटी दारूखान्यात गेले.
तिथे इद्रिस म्हणून एक म्हातारा
मोडलेल्या जहाजांच्या पत्र्यातून चुली करतो.
खाऱ्या हवेचं म्हटलं तर हसला,
ये तो सारी उमर पानी में थी, बाई.
विकणारे असंच बोलतात.
मी दोन्ही बाजूंनी पत्रा वाजवून बघितला.

मग त्याने विचारलं, तोंड केवढं हवं?
आणि जाळणार काय?

हे कुणी विचारलंच नव्हतं.
गोरेगावच्या पोराने हंड्याचं माप विचारलं होतं,
जयवंतीने भाव.
मी म्हटलं, होडी.

सागाची. माझ्या नवऱ्याची, हरेश्वरची.
इंजिन विकलं गेलं, जाळी विकली गेली,
सांगाडा फुकट न्यायलाही कुणी येईना,
तेव्हा किनाऱ्यावरच मोडली.
डांबर मुरलेलं लाकूड, अन्नाला चालत नाही.
पाण्यापुरतं चालतं.
खिळे तो स्वतः उपटतो, तांब्याचे,
बिस्किटाच्या डब्यात साठवतो. विकत नाही.
करवत मात्र लावत नाही फळीला,
आणि लावू देत नाही.

इद्रिस बराच वेळ हातोडीशी चाळा करत बसला.
बडा मुँह रखूँगा तो जल्दी खतम होगी, म्हणाला.
ठाऊक होतं मला.
अठ्ठावीस फळ्या आहेत, मोजल्यात मी.
लहान तोंडात चार हिवाळे निघतील,
मोठ्यात दोन, फार तर अडीच.
मी वीत टेकवली पत्र्यावर,
पुढे चार बोटं ठेवली. फळीची रुंदी तेवढीच आहे.
म्हटलं, इथून काप.

वर्सोव्याच्या फेरीवर तांडेलाने चुलीचं तिकीट मागितलं.
बसलीये का ती, मी विचारलं.
जागा तर अडवलीये, तो म्हणाला. दिले पाच रुपये.

सकाळी हरेश्वर रात्रपाळीहून आला.
एका शूटिंगच्या बंगल्यावर राखण करतो आता,
खोट्या पावसात रात्रभर उभा राहतो कधी कधी,
म्हणून पाणी कढत लागतं.
त्याने चूल उचलून बघितली,
तोंडात मनगट घालून एकदा गोल फिरवलं.
मग पडवीत गेला.
होडीला त्याच्या आईचं नाव होतं, साकरीन.
एका फळीवर त्यातला 'री' अजून आहे, पिवळ्या रंगात.
ती फळी वरून काढून
त्याने ढिगाच्या पार तळाशी सरकवली.

पाणी ठेव, म्हणाला.